म्हातारपण नक्की कुणाचं?

प्लेटोचं रिपब्लिक हे न्यायावरचं पुस्तक, एवढं आपण सगळ्यांनी कॉलेजात कधीतरी ऐकलेलं असतं आणि त्या धसक्यानेच बहुतेक जण ते उघडत नाहीत. उघडलं तर पहिली काही पानं इतकी घरगुती आहेत की आपण भलतंच पुस्तक आणलं की काय असं वाटावं. सॉक्रेटिस अथेन्सच्या बंदरावर, पिरेअसला, बेंडिस नावाच्या देवीचा उत्सव बघायला गेलेला असतो, बघून परत निघालेला असतो, तेवढ्यात एक गुलाम पोरगा पळत येऊन मागून त्याचा कपडा धरतो, थांबा म्हणाले, आमचे मालक मागून येतायत. मालक म्हणजे पोलेमार्कस. मग तो आणि त्याचे मित्र सॉक्रेटिसला आग्रह करकरून घरी नेतात, आणि घरी अंगणातली पूजा नुकतीच आटोपून, डोक्याला बांधलेली माळ तशीच ठेवून, उशी लावलेल्या खुर्चीत पोलेमार्कसचे वडील बसलेले असतात. केफालस. बरेच थकलेले. सॉक्रेटिसला बघून ते जे बोलतात ते आपल्याकडचे कुठलेही आजोबा बोलतील, की तू हल्ली येतच नाहीस, माझ्याच्याने काही शहरात येणं होत नाही, तू तरी येत जा, शरीराची सुखं ओसरली ना की गप्पांची भूक वाढते बघ.

सॉक्रेटिस त्यांना सरळच विचारतो. म्हणतो, ज्या रस्त्याने आम्हालाही कधीतरी जायचंय त्या रस्त्याने तुम्ही पुढे गेलेले आहात, तर सांगा, रस्ता खडतर आहे की बरा आहे? हा प्रश्न मला फार आवडतो. म्हाताऱ्या माणसाला इतकं थेट आणि तरी इतक्या आदराने कुणी विचारत नाही, आपण फार तर तब्येत कशी आहे म्हणतो आणि उत्तर यायच्या आत मोबाईल बघायला लागतो. केफालस सांगतात, आमच्या वयाचे लोक जमले की बहुतेकांचं रडगाणंच चालू असतं, खाणंपिणं गेलं, बायकांचं सुख गेलं, घरचे विचारत नाहीत, आणि सगळ्याचं खापर वयावर. पण वयच कारण असतं तर माझंही तेच झालं असतं ना? मग ते नाटककार सोफोक्लीसची आठवण काढतात, कुणीतरी त्याला म्हातारपणी विचारलं होतं की अजून जमतं का बाईबरोबर, तर तो म्हणाला, गप रे, त्या पिसाळलेल्या मालकाच्या तावडीतून सुटलो एकदाचा. केफालसांचं म्हणणं एवढंच की दोष वयाचा नसतो, स्वभावाचा असतो. माणूस नेमस्त आणि समाधानी असेल तर म्हातारपण फारसं जड जात नाही, आणि नसेल तर त्याला तरुणपणसुद्धा जडच जातं.

सॉक्रेटिस एवढ्यावर सोडत नाही. म्हणतो, लोक म्हणतील तुम्हाला स्वभावामुळे नाही, पैशामुळे बरं चाललंय. यावर केफालस अथेन्सचा नामांकित सेनापती थेमिस्टोक्लीस याचा किस्सा सांगतात. सेरिफस नावाच्या एका छोट्या बेटावरचा माणूस त्याला हिणवत होता की तू मोठा झालास तो अथेन्सच्या जिवावर. तो म्हणाला, मी सेरिफसचा असतो तर मोठा झालो नसतो हे खरंय, पण तू अथेन्सचा असतास तरी झाला नसतास. तसंच पैशाचं, चांगल्या माणसालाही गरिबीत म्हातारपण सोपं जाणार नाही, आणि वाईट माणसाला पैसा असूनही स्वस्थता मिळणार नाही. मग पैशाचा सगळ्यात मोठा फायदा काय झाला तुम्हाला, असं विचारल्यावर हा म्हातारा जे सांगतो ते मला त्या सगळ्या प्रसंगातलं सगळ्यात खरं वाटतं. मरण जवळ आलं की पूर्वी ज्या गोष्टींना हसलो त्यांची भीती वाटायला लागते, मेल्यावर हिशोब द्यावा लागतो वगैरे. मग माणूस मागे वळून बघतो की आपण कुणाकुणाचं वाईट केलं. आणि ज्याला असं बरंच काही सापडतं तो लहान पोरांसारखा रात्री दचकून उठतो. पैसा असला की कुणाला फसवावं लागत नाही, देवाचं आणि माणसाचं देणं ठेवून जावं लागत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या पुस्तकात न्यायाचा विषय शिरतो तो म्हाताऱ्या माणसाच्या झोपमोडीतून.

सॉक्रेटिस ते लगेच पकडतो. खरं बोलणं आणि घेतलेलं परत देणं, एवढाच न्याय का? समजा मित्राने शहाणा असताना तुमच्याकडे शस्त्र ठेवायला दिलं आणि वेड लागल्यावर परत मागायला आला, तर द्याल का? केफालस म्हणतात, बरोबर आहे तुझं, आणि हसत हसत उठतात, मला पूजेकडे बघायचंय, आता ही चर्चा तुम्ही चालवा. मुलगा म्हणतो, मी वारसच आहे तुमचा. म्हातारबाबा जे जातात ते पुढच्या सगळ्या पुस्तकात परत येत नाहीत. रोमचा लेखक आणि राजकारणी सिसेरो, त्याने पुढे आपल्या मित्राला, ॲटिकसला, पत्रात लिहिलं होतं की एवढ्या वयाच्या माणसाला एवढ्या लांबलचक चर्चेत बसवून ठेवणं प्लेटोला बरं दिसलं नसावं. असेलही. पण रिपब्लिक लिहिलं गेलं ते साधारण इ.स.पू. ३७५च्या आसपास, आणि ते पहिल्यांदा ज्यांनी वाचलं त्या अथेन्सच्या लोकांना या घराचं पुढे काय झालं ते माहीत होतं. आपण ते माहीत नसताना वाचतो, आणि माझ्या मते तिथेच अर्ध पुस्तक निसटतं.

केफालस मूळचे सिरॅक्यूजचे, सिसिलीतले. अथेन्सचा तेव्हाचा मोठा पुढारी पेरिक्लीस, त्याने सांगितलं म्हणून अथेन्सला येऊन राहिले, तीस वर्षं राहिले. नागरिकत्व नाही, मत नाही, परदेशी रहिवासी म्हणून राहायचं. तीस वर्षांत आमच्या घराने कुणावर खटला भरला नाही आणि आमच्यावर कुणी भरला नाही, असं त्यांचा दुसरा मुलगा लिसियास सांगतो, तोही त्या दिवशी त्या खोलीत होता, रिपब्लिकभर एक शब्द बोलत नाही. घरचा धंदा ढाली बनवण्याचा. हे प्लेटो कुठेही सांगत नाही, पण शस्त्र परत द्यायचं का हा प्रश्न तो शस्त्रास्त्रांच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या घरात विचारायला लावतो, हे मला सहज आलेलं वाटत नाही.

इ.स.पू. ४०४मध्ये अथेन्स स्पार्टाशी युद्ध हरलं आणि शहरावर तीस जणांचं राज्य बसवलं गेलं. एका वर्षाच्या आतबाहेर त्यांनी किमान दीड हजार माणसं मारली असं ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरच्या ग्रंथात नोंदवलंय. पैसा पाहिजे होता, मग श्रीमंत परदेशी रहिवाशांची यादी काढली. लिसियासच्या घरी आले तेव्हा त्याच्याकडे पाहुणे जेवायला बसले होते. त्याने पिसोन नावाच्या त्यांच्यातल्याच एकाला पैसे कबूल केले, पिसोनने मुलाबाळांची शपथ घेतली, लिसियासने पेटी उघडली, आणि पिसोनने ठरलेले पैसे सोडून अख्खी पेटीच उचलली. लिसियास एका घराच्या मागच्या दाराने निसटला. पोलेमार्कस मात्र रस्त्यात सापडला. आरोप काय हेसुद्धा न सांगता त्याला विषाचा पेला प्यायला लावला. घरच्यांची तीन घरं होती, एकाही घरातून अंत्ययात्रा काढू दिली नाही, भाड्याने एक खोपटं घेऊन तिथे प्रेत ठेवलं. घरात ढीगभर कपडे होते, एकही दिला नाही, मग मित्रांपैकी कुणी पांघरूण दिलं, कुणी उशी दिली. ७०० ढाली नेल्या, सोनंचांदी नेलं, १२० गुलाम नेले, त्यातले चांगले चांगले स्वतःला ठेवले आणि बाकीचे सरकारजमा केले. आणि पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातली सोन्याची कर्णफुलं, ती सून म्हणून या घरात आली तेव्हाची, मेलोबियस नावाच्या माणसाने कानातून ओढून घेतली. लिसियासने हे सगळं पुढे कोर्टात उभं राहून सांगितलं, ते भाषण शिल्लक आहे, आणि मी ते वाचल्यापासून रिपब्लिकचं पहिलं पान मला पूर्वीसारखं वाचता येत नाही.

कारण केफालसांचा सगळा हिशोब काय होता, स्वभाव चांगला ठेवा, कुणाचं देणं ठेवू नका, म्हातारपण शांत जाईल. त्यांचं स्वतःचं गेलंही, हे सगळं व्हायच्या आधीच ते वारले होते. पण ती शांतता त्यांच्या एकट्याच्या स्वभावाची कमाई नव्हती. ज्या शहरात दारावर येऊन कुणी कानातलं ओढत नाही अशा शहरात ती उभी होती, आणि ते शहर बिघडल्यावर त्याच घरातल्या, तसंच कुणाचं देणं नसलेल्या मुलाला साधी तिरडी मिळाली नाही. प्लेटोला हे दुरून ऐकून माहीत नव्हतं, त्या तीस जणांचा म्होरक्या क्रिटियास त्याच्या आईचा चुलतभाऊ होता. म्हणून मला वाटतं की एक चांगला म्हातारा उठून गेल्यावर पुढची शेकडो पानं शहर कसं असावं यावर जातात ते उगाच नाही. आणि स्वभाव म्हणायचंच तर मला त्या काळातला सॉक्रेटिस आठवतो. त्याच तीस जणांनी त्याला आणि आणखी चौघांना बोलावून सांगितलं की सालामिस बेटावर जा आणि लिऑन नावाच्या माणसाला पकडून आणा, मारायचंय. चौघं गेले आणि घेऊन आले. सॉक्रेटिस साठी उलटलेला माणूस, तो तिथून निघाला आणि घरी गेला. बस. भाषण नाही, आरडाओरडा नाही. ते राज्य लवकर पडलं नसतं तर माझाही नंबर लागला असता, असं तो पुढे सत्तराव्या वर्षी स्वतःच्या खटल्यात सांगतो.

आता रोमकडे येते, कारण म्हातारपणावरची जी वाक्यं आपल्याला सगळीकडे वाचायला मिळतात त्यातली निम्मीअधिक तिथूनच येतात. सिसेरोने इ.स.पू. ४४मध्ये म्हातारपणावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं, तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. आदल्याच वर्षी मुलगी टुलिया वारली होती, राजकारणातून बाहेर फेकला गेला होता, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्याची हत्या होऊन त्याचं मुंडकं आणि हात रोमच्या चौकात लावले जाणार होते. इतक्या दुःखात इतकं प्रसन्न पुस्तक लिहिता येतं याचं मला खरंच अप्रूप वाटतं. त्यात बोलतो तो चौऱ्याऐंशी वर्षांचा केटो, रोमचाच एक राजकारणी, सिसेरोच्याही शंभरेक वर्षं आधीचा, समोर दोन तरुण बसलेत. केफालसांची बरीच वाक्यं सिसेरोने सरळ उचलून केटोच्या तोंडी घातलीयत, तो सेरिफसचा किस्सासुद्धा. जहाजाचा सुकाणू धरणारा शिडावर चढत नाही म्हणून काय काहीच करत नाही का, वगैरे. त्यातला एक प्रसंग मला फार लागतो. अथेन्सच्या भरलेल्या नाट्यगृहात एक म्हातारा माणूस जागा शोधत येतो, त्याच्या स्वतःच्या गावचे लोक कुणी सरकत नाहीत. तो चालत चालत स्पार्टाचे राजदूत बसले होते तिथे पोचतो, तर ते सगळेच्या सगळे उठून उभे राहतात. सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवतं. त्यावर स्पार्टाच्या लोकांतला एक जण म्हणतो, योग्य काय ते अथेन्सवाल्यांना कळतं, करायचं मात्र नसतं.

पण हा पुस्तकातला केटो. खऱ्या केटोने स्वतः लिहिलेलं एक पुस्तकही आपल्याकडे आहे, शेतीवरचं, लॅटिन गद्यातलं आज पूर्ण मिळणारं सगळ्यात जुनं पुस्तक. त्यात सुरुवातीलाच मालकाने शेतावर चक्कर मारून काय काय विकून टाकावं याची यादी आहे. उरलेलं धान्य, दारू, तेल. थकलेले बैल. खोड असलेली गुरं, खोड असलेल्या मेंढ्या. लोकर, कातडी. जुनी गाडी, जुनी अवजारं. म्हातारा गुलाम, आजारी गुलाम. आणि आणखी काही जास्तीचं असेल तर तेही. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा परत मागे जाऊन वाचली, कारण ती इतकी सहज येते, अवजारांच्या आणि 'आणखी काही'च्या मध्ये. म्हातारपणाचा एवढा मोठा वकील ज्याला केलं त्याच्या वाड्यावर म्हातारपणाचा दर हा होता.

ही गोष्ट मला एकटीलाच टोचली असं नाही, प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराला अठराएकोणीसशे वर्षांपूर्वी टोचली होती. तो केटोचं चरित्र लिहितो, केटोबद्दल आदर ठेवून लिहितो, पण या ठिकाणी थांबतो आणि चक्क रागावतो. म्हणतो, जिवंत प्राण्यांना चपलांसारखं किंवा भांड्यांसारखं झिजले की फेकून देऊ नये. न्याय आपण माणसांपुरता ठेवतो, पण दया त्याच्याही पलीकडे मुक्या जनावरापर्यंत वाहते. आणि मग अथेन्सची गोष्ट सांगतो. पार्थेनॉन, म्हणजे अथेना देवीचं देऊळ, बांधत होते तेव्हा ज्या खेचरांनी फार कष्ट केले त्यांना कामातून मोकळं करून चरायला सोडलं होतं. त्यातलं एक म्हणे आपणहून परत कामावर यायला लागलं. जुंपलेलं नाही, ओझं नाही, पण गाड्या ओढणाऱ्या जनावरांच्या बाजूने, पुढे पुढे, देवळाच्या टेकडीचा, अक्रोपोलिसचा, चढ चढायचं, जसं काही त्यांना चला चला म्हणतंय. अथेन्सच्या लोकांनी ठराव केला की याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने खायला घालायचं. प्लुटार्क म्हणतो, मी तर माझ्याकडे राबलेला बैलसुद्धा म्हातारा झाला म्हणून विकणार नाही, मग माणूस, तोही जिथे आयुष्य गेलं त्या जागेवरून उचलून, देश सोडायला लावल्यासारखा, चार पैशांसाठी, विकणाऱ्याच्या कामाचा उरला नाही तो घेणाऱ्याच्या तरी काय कामाचा? हा युक्तिवाद वाचताना मला नेहमी वाटतं की अख्ख्या ग्रीक-रोमन शहाणपणात म्हातारपणावर याच्याइतकं थोर काही कुणी लिहिलेलं नाही, आणि ते एका खेचराच्या निमित्ताने लिहिलंय.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं एक पत्र आहे, बारावं, त्याने आयुष्याच्या शेवटच्या दोनतीन वर्षांत मित्राला लिहिलेल्या पत्रांतलं. लोक त्यातली पिकलेल्या फळाची ओळ नेहमी सांगतात, फळं संपत आली की सगळ्यात गोड लागतात, तसं उताराला लागलेलं वय गोड असतं. ओळ चांगलीच आहे. पण ती ओळ येण्याआधी काय होतं ते कुणी सांगत नाही. सेनेका आपल्या शहराबाहेरच्या बंगल्यावर गेलाय, इमारत ढासळायला आलीय म्हणून मुकादमावर ओरडतोय, झाडांची निगा ठेवली नाही म्हणून ओरडतोय, मुकादम म्हणतो झाडं म्हातारी झालीत, आणि ती सेनेकानेच लावलेली असतात. मग दाराशी वळतो आणि म्हणतो, हा कोण म्हातारा, दारावर ठेवलाय ते बरं केलंत, बाहेरच्या वाटेलाच लागलाय तो. कुठून आणलात याला? दुसऱ्याचं प्रेत उचलून आणायची काय हौस? त्यावर तो म्हातारा बोलतो. तुम्ही मला ओळखलं नाहीत? मी फेलिसिओ, तुम्ही मला छोट्या छोट्या मूर्ती आणून द्यायचात. तुमच्या मुकादमाचा, फिलोसिटसचा मुलगा, तुमचा लाडका. सेनेका म्हणतो, वेड लागलंय याला, माझा लाडका पोरगा झालाय म्हणे परत, असेलही, दात पडायलाच लागलेत याचे. आणि लगेच पुढे, माझं म्हातारपण मला या बंगल्याने दाखवून दिलं, आता त्याच्यावर प्रेम करायला शिकू, असं म्हणत ते पत्र फळांकडे वळतं.

सेनेका माणूस म्हणून मला लहान वाटत नाही. गुलामांना माणूस म्हणा, त्यांच्याबरोबर जेवायला बसा असं त्याच पत्रांत, सत्तेचाळिसाव्यात, त्याने लिहिलंय आणि त्या काळात ते लिहायला छाती लागते. त्याने हा प्रसंग लपवला नाही, लिहून ठेवला, म्हणून तर आपल्याला फेलिसिओचं नाव माहीत आहे. पण मालक आणि त्याचा लाडका पोरगा, दोघंही म्हातारे झाले, एकाचं म्हातारपण जगभर वाचलं जातं आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याच पत्रात चार वाक्यं आली. फेलिसिओला त्या दिवशी काय वाटलं असेल यावर मी जेवढा विचार केलाय तेवढा त्या फळांवर कधी केला नाही.

आणि याला एक कारण आहे. आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला एक वॉचमन काका होते, साठीच्या पुढचेच असावेत, बारा तासांची ड्युटी, प्लास्टिकची खुर्ची, वहीत गाड्यांचे नंबर लिहायचे तर डोळ्यांजवळ वही धरायचे. मीटिंगमध्ये एकाने विषय काढला, असला म्हातारा कुठून पाठवतात हे एजन्सीवाले, चोर आला तर हा काय करणार. मी सेनेकाचं पत्र त्याच्या आधी वाचलेलं होतं आणि ते वाक्य कानावर आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, जवळजवळ शब्दाला शब्द तेच. आम्ही काही जण बोललो, भांडलो म्हणा हवं तर, आणि त्यांना दिवसपाळीला घेतलं, पार्सलं आणि पाहुण्यांची नोंद करायला. छान चाललं होतं, पोरं त्यांच्याकडे सायकलच्या चाव्या ठेवायला द्यायची. मग एक दिवस गेटवर दुसराच माणूस. एजन्सीला विचारलं तर साईट बदलली एवढंच उत्तर. प्लुटार्क म्हणतो ना, राहत्या जागेवरून उचलून, अगदी तसंच. गुलामगिरी आणि नोकरी एक नव्हे हे मला चांगलं कळतं, पण माणूस थकला की त्याला जागेवरून हलवण्याची जी सवय आहे ती केटोच्या यादीतली आहे.

रोममध्ये हे सगळं कुठपर्यंत गेलं होतं त्याची एक नोंद सम्राटांची चरित्रं लिहिणाऱ्या स्युटोनियसने ठेवलीय. टायबर नदीतल्या बेटावर वैद्यकदेव ॲस्क्लेपियसचं देऊळ होतं. आजारी, झिजलेल्या गुलामांवर औषधपाण्याचा खर्च नको म्हणून मालक त्यांना त्या बेटावर नेऊन सोडायला लागले. सम्राट क्लॉडियसने हुकूम काढला की असा सोडलेला प्रत्येक जण स्वतंत्र, बरा झाला तरी मालकाचा त्याच्यावर हक्क नाही, आणि सोडण्याऐवजी कुणी मारून टाकला तर तो खून धरला जाईल. चांगल्या स्वभावाच्या मालकांची वाट बघत बसले असते तर त्या बेटावरच्या लोकांचं काय झालं असतं?

अथेन्सलाही हे कळलेलं होतं. तिथे म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं हा कायदाच होता, त्यांना हाल करून ठेवणाऱ्यावर खटला भरता यायचा, आणि मोठ्या पदावर निवडल्या जाणाऱ्या माणसाला आधी जे प्रश्न विचारायचे त्यात कर भरतोस का, लढाईवर गेला होतास का याच्याच जोडीला आईबापांना नीट वागवतोस का हाही प्रश्न असायचा. मला हे फार मोठं वाटतं, म्हणजे घरातलं वागणं ही खासगी गोष्ट धरलीच नाही. अथेन्सचा जुना कायदेकार सोलोन, त्याच्या कायद्यात बापावरही अट होती, मुलाला काही कामधंदा शिकवला नसेल तर म्हातारपणी सांभाळ म्हणून त्याच्यावर हक्क नाही. आपल्याकडे २००७चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते. लोकांना तो माहीतच नसतो, आणि माहीत असला तरी पोराविरुद्ध अर्ज करायला कुठली आई जाते. पण कायदा आहे हे चांगलंच आहे.

ज्यांना मुलंच नाहीत त्यांचं काय, यावर मात्र मला सगळ्यात जवळचं वाटतं ते लिसियासच्या नावावरचं चोविसावं भाषण. तोच लिसियास. घर लुटलं गेल्यावर तो दुसऱ्यांना कोर्टासाठी भाषणं लिहून द्यायला लागला, आणि हे भाषण आहे एका अपंग कारागिराचं. अथेन्स अशा गरीब अपंगांना दिवसाला एक ओबोल द्यायचं, अगदी चिल्लर रक्कम, आणि दरवर्षी पाचशे जणांच्या कौन्सिलसमोर तपासणी व्हायची. कुणीतरी तक्रार केली की याला काही झालेलं नाही, हा घोड्यावर बसतो, याचं दुकान चालतं, दुकानात टवाळ लोक जमतात. तर हा माणूस उभा राहतो आणि एकेक मुद्दा घेतो. वडिलांनी मला काही ठेवलं नाही. आईला मी तिच्या शेवटापर्यंत सांभाळलं, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. मला सांभाळायला मुलं अजून नाहीत. धंदा आहे पण अंगाने होत नाही आणि तो पुढे चालवायला कुणी मिळत नाही. घोड्यावर बसतो ते ऐपत आहे म्हणून नव्हे, ऐपत असती तर खोगीर घातलेलं स्वतःचं खेचर घेतलं असतं, मागून आणलेल्या घोड्यांवर कशाला बसलो असतो, लांब जायचं असेल तर दुसरा इलाज नाही. आणि लोक एक काठी वापरतात, मी दोन वापरतो, मग दोन काठ्या म्हणजे धडधाकटपणाची खूण आहे असं का नाही म्हणत हा? तसंच असेल तर मला शहराच्या सर्वोच्च पदाच्या सोडतीत घाला, हा ओबोल त्यालाच द्या. मी तरुण होतो, आजपेक्षा बरा होतो, तेव्हा तुम्ही मला हे देत होता, आणि आता म्हातारा आणि दुबळा होत चाललोय तर काढून घेणार का?

केफालस ज्या सुरात बोलतात त्याच्यापेक्षा हा सूर किती वेगळा आहे. याला रात्रीची झोप देवाच्या हिशोबाने उडत नाही, एका ओबोलने उडते, पण बोलताना तो कुठेही लाचार होत नाही, समोरच्यांना हसवतो, आणि आईला सांभाळल्याचं एका ओळीत सांगून पुढे जातो. स्वभाव म्हणायचा तर हा. आणि त्याला एवढ्या ताठ मानेने बोलता येतं कारण बोलायला जागा आहे, पाचशे माणसं ऐकायला बसलीयत आणि हे पैसे शहराने सगळ्यांनी मिळून ठरवलेले आहेत, कुणा मालकाच्या खुशीचे नाहीत.

कौन्सिलने पुढे काय ठरवलं ते शिल्लक नाही. भाषण लहान आहे, इंग्रजीत फुकट वाचायला मिळतं, चहा पिता पिता संपेल एवढंच. पोलेमार्कसबद्दलचं बारावं थोडं मोठं आहे. वाचलंत तर मला सांगा, विशेषतः दोन काठ्यांच्या त्या जागेवर तुम्हाला हसू आलं की दुसरं काही, मला दर वेळी दोन्ही होतं.